परदेशगमन आणि आपली कागदपत्रे

(वर्षावासातील व्याख्यानमालेत नवदीक्षित कुटुंबांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटेल. विहारात शील, समाधी आणि प्रज्ञा यांवर बोलावे; पासपोर्ट, व्हिसा आणि वास्तव्याचे परवाने यांची चर्चा करण्याची ही जागा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या वस्तीकडे एकवार नजर टाका. ज्या घरातील पणजोबांना गावकीची कामे सोडून तालुक्याच्या गावी जाणेही दुरापास्त होते, त्या घरातील मुलगी आज लंडनच्या विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती घेऊन उभी आहे. शेजारच्या घरातील मुलगा वायरमनच्या कामासाठी आखातात जाण्याच्या तयारीत आहे. एवढे अंतर आपण शिक्षणाने आणि संघटनेने कापले. आता जो उंबरठा उरला आहे तो कागदाचा आहे. आणि वकिलीच्या व्यवसायात मी हे पाहिले आहे की, गुणांत कमी न पडलेली मुले नावातल्या एका अक्षरापायी अडून बसतात.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगावयाची आहे. परदेशचा अधिकारी तुम्हाला ओळखत नाही. तुमच्या आईने कोणते कष्ट केले, तुम्ही कोणत्या दिव्याखाली अभ्यास केला, हे त्याला ठाऊक नाही. तो कागद वाचतो. तेव्हा आपल्या घरातील सर्व कागद एकच बोलले पाहिजेत, आणि जे बोलतील ते खरे असले पाहिजे. ही तयारी व्हिसाचा अर्ज भरण्याच्या आठवड्यात होत नसते. ती मूल शाळेत घालण्याच्या दिवसापासून करावी लागते.

शाळेच्या पटावरील नाव

सातारच्या शाळेच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी एका मुलाचे नाव नोंदले गेले. मूळ आडनाव सकपाळ, गावावरून आंबडवेकर. पण पटावर नोंद झाली ती ‘आंबेडकर’ अशी. पुढे तेच नाव मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गेले, १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, लंडनच्या ग्रेज इनमध्ये गेले आणि अखेर भारताच्या संविधानाशी कायमचे जोडले गेले. तो दिवस महाराष्ट्रात २०१७ पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपण त्यातून एक व्यावहारिक धडाही घ्यावा. शाळेच्या पटावर जे लिहिले जाते, ते माणसाबरोबर जन्मभर चालते.

आपल्या घरांत मात्र काय घडले आहे? जुन्या पिढीची जन्मनोंद बहुधा झालीच नाही. गुरुजींनी शाळेत नाव घालताना वयाचा अंदाज बांधला आणि १ जून ही तारीख टाकून दिली. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसे इतकी का, याचे उत्तर हे आहे. दीक्षेनंतर काहींनी हिणकस वाटणारी नावे टाकली, काहींनी आडनावे बदलली, मुलांची नावे बौद्ध परंपरेतून ठेवली. हे योग्यच झाले. माणसाला स्वतःचे नाव स्वतः ठेवण्याचा अधिकार आहे, आणि धर्मांतराने आपण तो बजावला. परंतु नाव घरात बदलले, विहारात बदलले, लग्नपत्रिकेवर बदलले. सरकारी दप्तरात मात्र ते जुनेच राहिले. मग दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे, बँकेच्या पुस्तकावर तिसरे. त्यात रोमन लिपीची भर! ‘वाघमारे’ हे नाव एका कागदावर ‘व्ही’ने सुरू होते, दुसऱ्यावर ‘डब्ल्यू’ने. आपल्याला दोन्ही सारखीच. यंत्राला आणि परदेशी कारकुनाला ती दोन माणसे वाटतात.

नाव एक कसे करावे

यावर उपाय आहे आणि तो सर्वांना खुला आहे. ज्याला नाव अथवा धर्माची नोंद बदलावयाची असेल, त्याने ती महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावी. शासकीय मुद्रण संचालनालयामार्फत ही प्रसिद्धी होते. राजपत्राचा तो अंक जुन्या आणि नव्या नावामधला पूल होय. त्याच्या प्रती जन्मभर जपाव्यात. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नये.

राजपत्र हाती आल्यावर क्रमाने चालावे. जन्माचा दाखला हा पाया. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली जन्मनोंद झाली नसेल, तर एक वर्षानंतरही दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने ती करून घेता येते. नोंदीत चूक असेल तर निबंधकाकडून दुरुस्त करून घेता येते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत तर पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्माचा दाखलाच लागतो. तेव्हा घरात मूल जन्मले की नामकरणाचा आनंद करावा आणि त्याच महिन्यात दाखल्यावर नाव चढवून घ्यावे. त्यानंतर शाळेचा दाखला, मग आधार व पॅन, मग बँक, आणि सर्वांच्या शेवटी पासपोर्ट. पासपोर्ट आधी काढून मागचे कागद मागाहून दुरुस्त करणे म्हणजे छप्पर घालून नंतर भिंती उभारणे होय.

पासपोर्टवर आडनावाची आणि नावाची जागा वेगवेगळी असते. आपल्यातील काही जण जात कळू नये म्हणून, तर काही जण जातीचे चिन्ह नको म्हणून आडनावाची जागा रिकामी सोडतात. त्यामागील भावना मी समजू शकतो. परंतु नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातींनी एकाच शब्दाचे नाव असलेल्या पासपोर्टवर भेटीच्या व्हिसासाठी हरकत घेतली आणि अनेकांची धावपळ उडाली. आडनाव नको असेल तर दुसरे घ्यावे, ते राजपत्रातून उघडपणे घ्यावे. जागा रिकामी ठेवू नये.

पासपोर्ट हा अधिकार आहे

पुष्कळांची अशी समजूत असते की, पासपोर्ट ही सरकारची मेहेरबानी आहे. ती चुकीची आहे. १९६७ साली सतवंतसिंग साहनी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, परदेशी जाण्याचा अधिकार हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. १९७८ साली मनेका गांधी यांच्या प्रकरणात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, हा अधिकार हिरावताना अवलंबलेली पद्धती न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. ज्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांनी भूषविले, त्याच संविधानातून ही वाट निघाली आहे.

तेव्हा पासपोर्ट नाकारला गेला तर हताश होऊन परतू नका. नकाराची कारणे लेखी नोंदविणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे आणि मागणी केल्यास सामान्यतः त्याची प्रत तुम्हाला मिळते. त्या आदेशावर अपील करता येते. भारतीय पासपोर्टवर धर्म आणि जात यांपैकी काहीही छापलेले नसते, हेही ध्यानात ठेवा. एकट्या आईने वाढविलेल्या मुलासाठी डिसेंबर २०१६ पासून आई-वडिलांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालते. लग्नानंतर स्त्रीने नाव बदललेच पाहिजे असा तर कोणताही कायदा नाही.

व्हिसाची गोष्ट मात्र निराळी आहे. पासपोर्ट आपल्या देशाकडून मागण्याचा अधिकार आहे. व्हिसा ही परक्या देशाने दिलेली अनुमती आहे, आणि ती नाकारण्यास तो देश मोकळा असतो. म्हणूनच तेथे वाद उपयोगी पडत नाही. निर्दोष अर्ज उपयोगी पडतो.

आम्ही जात टाकली, मग प्रमाणपत्र कशासाठी?

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळतो. परदेशी शिक्षणाचा खर्च आपल्यातील फार थोड्या कुटुंबांना झेपतो. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळते. परदेशच्या वकिलातीला जातीचे प्रमाणपत्र लागत नाही. शिष्यवृत्तीला मात्र ते लागते. आणि येथे नवदीक्षित तरुण विचारतो, “आम्ही जात सोडून बुद्धाला शरण गेलो, मग त्या कागदावर पुन्हा तो शब्द लिहावयाचा?”

बंधूंनो, या प्रश्नात स्वाभिमान आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिले पाहिजे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाने हे संरक्षण फक्त हिंदू धर्मीयांपुरते ठेवले होते. १९५६ साली त्यात शीख आले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला लाखो लोकांनी दीक्षा घेतली, आणि केंद्राच्या सवलतींना ते मुकले. पुढील चौतीस वर्षे लोकांनी निवेदने दिली, मोर्चे काढले. तेव्हा १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त करून बौद्धांचा समावेश केला. म्हणजे आज ‘धर्म बौद्ध’ असे लिहूनही अनुसूचित जातीचे प्रमाणपत्र मिळते, हे आपल्या मागील पिढीने मिळवलेले फळ आहे. त्या प्रमाणपत्रावरील जातीचा उल्लेख म्हणजे तुमची श्रद्धा नव्हे. समाजाने तुमच्या पूर्वजांवर काय लादले होते, त्याची ती नोंद आहे, आणि ज्याची भरपाई करावयाची त्याची नोंद ही ठेवावीच लागते.

अडचण होते ती अशी की, कित्येकांनी शाळेच्या दाखल्यात जातीच्या रकान्यातही ‘बौद्ध’ एवढेच लिहिले. बौद्ध हा धर्म आहे. अनुसूचित जातींच्या यादीत त्या नावाची जात नाही. त्यामुळे केंद्राच्या प्रमाणपत्राच्या वेळी आजोबा-वडिलांचे जुने दाखले शोधत गावोगाव फिरावे लागते. यास्तव नवदीक्षित कुटुंबांना माझी विनंती आहे की, धर्माच्या रकान्यात निःशंकपणे ‘बौद्ध’ लिहा, आणि घरातील जुने दाखले, मग त्यांवर कोणताही शब्द असो, रागाने फाडून टाकू नका. त्यांच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा.

शिष्यवृत्तीची नियमावलीही दर वर्षी मुळातून वाचावी. केंद्राच्या योजनेत २०२२ साली भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले; ज्यांनी जुन्या माहितीवर अर्ज तयार केले त्यांचे श्रम वाया गेले. ज्या बंधपत्रावर सही करावयाची तेही वाचा. बाबासाहेबांना बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली, ती शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले आणि बडोद्यात राहावयास जागाही मिळू नये असा अपमान सोसावा लागला. परंतु निघताना त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळविली होती. तिच्या बळावर १९२० साली ते पुन्हा गेले. तोंडी आश्वासनावर विसंबले असते तर ते दार बंद झाले असते.

पैशाचा कागद आणि चौथे शील

ब्रिटनला शिक्षणासाठी जाणाऱ्याचे उदाहरण घेऊ. विद्यापीठाकडून प्रवेशनिश्चितीचा क्रमांक मिळतो. मग एक वर्षाची फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा निर्वाहखर्च आपल्याजवळ आहे असे दाखवावे लागते, आणि ती रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. सत्ताविसाव्या दिवशी त्यातून थोडे काढले तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. सहा महिन्यांहून अधिक राहणाऱ्या भारतीयाला मान्यताप्राप्त दवाखान्यातून क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते. शासकीय शिष्यवृत्ती सर्व खर्च उचलत असेल तर बँकेतील रकमेऐवजी शासनाचे पत्र चालते. मात्र पुढे तेथे मुक्काम वाढवावयाचा असेल तर त्याच शासनाची लेखी संमती लागू शकते. जानेवारी २०२४ पासून संशोधनाच्या पदव्या आणि काही शासकीय शिष्यवृत्त्या सोडल्या तर विद्यार्थ्याला पती, पत्नी वा मुले सोबत नेता येत नाहीत. ही गोष्ट घरात आधी सांगावी. विमानतळावर रडारड नको.

येथेच दलाल भेटतो. तो म्हणतो, “२८ दिवसांसाठी तुमच्या खात्यात पैसे ठेवतो, टक्केवारी द्या. अनुभवाचे पत्र मी करून देतो. अर्जावर सही करा, बाकी मी भरतो.” बंधूंनो, हा मोह मोठा आहे, कारण गरज खरी आहे. परंतु आपण पंचशील घेतले आहे. त्यातील चौथे शील खोटे बोलण्यापासून विरत होण्याचे आहे, आणि सहीखालचे खोटे हे तोंडच्या खोट्यापेक्षा जड असते, कारण ते पुसता येत नाही. ब्रिटनमध्ये अर्जात फसवणूक आढळली तर दहा वर्षांपर्यंत तेथील दार बंद होऊ शकते. आपल्याकडेही खोटी माहिती देऊन पासपोर्ट मिळविणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा अपराध आहे. ज्याने खोटा कागद रचला तो दलाल नामानिराळा राहतो. सही तुमची असते. पूर्वी एखादा व्हिसा नाकारला गेला असेल तर तसे लिहा. नकार सांगितल्याने अर्ज बुडतोच असे नाही. लपविल्याने बहुधा बुडतो.

मजुरीसाठी जाणाऱ्यांस

जे आखातात कामास जातात त्यांची वाट विद्यार्थ्यांपेक्षा खडतर आहे, आणि त्यांच्यासाठी व्याख्याने कोणी देत नाही. जो दहावी उत्तीर्ण नाही, त्याचा पासपोर्ट सर्वसाधारणपणे ‘ईसीआर’ वर्गात येतो. म्हणजे आखाती देशांसह ठरावीक देशांत नोकरीस जाण्यापूर्वी १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली सरकारी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. अनेकांना ही कटकट वाटते. वास्तविक तो तुमचा ढालीचा कागद आहे. मंजुरीच्या वेळी नोकरीचा करार, पगार आणि मालक यांची नोंद सरकारकडे होते, आणि प्रवासी भारतीय विमा योजनेत दहा लाख रुपयांचा अपघात विमा उतरविला जातो. ही मंजुरी चुकवून जो पर्यटकाच्या व्हिसावर कामाला जातो, त्याचा करार नाही, विमा नाही, आणि तक्रार करावी तर आपणच अपराधी.

नोकरीसाठी नेणारा दलाल परवानाधारक आहे की नाही हे सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर पाहता येते. कायद्याने त्याला घेता येणारे सेवाशुल्क तीस हजार रुपये आणि त्यावरील कर एवढेच आहे. जो दोन लाख मागतो, तो कायद्याबाहेर मागतो. जमीन गहाण टाकण्यापूर्वी किंवा आईचे मंगळसूत्र मोडण्यापूर्वी पावती मागा. पावती न देणाऱ्याशी व्यवहार करू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला होता, कारण थायलंडमध्ये संगणकाची नोकरी म्हणून नेलेल्या तरुणांना म्यानमारमध्ये डांबून त्यांच्याकडून फसवणुकीची कामे करवून घेतली जात होती. सुशिक्षित मुलेही त्यात सापडली.

आणखी एक गोष्ट घोकून ठेवा. पासपोर्ट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. तो जप्त करून कपाटात ठेवण्याचा हक्क कोणत्याही मालकाला नाही. मालकाने तो घेतला, पगार अडविला वा मारहाण केली, तर भारतीय वकिलातीकडे जा; ‘मदद’ या सरकारी संकेतस्थळावर घरच्या माणसालाही तक्रार नोंदविता येते. अडचणीतील भारतीयांसाठी वकिलातींकडे २००९ पासून एक कल्याण निधीही आहे. तो मागण्यात लाज नाही.

विवाहाचा दाखला आणि स्त्रियांचे कागद

आपले विवाह विहारात, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, साधेपणाने होतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कक्षेत बौद्धही येतात. ज्यांना तो मार्ग नको त्यांना १९५४ चा विशेष विवाह कायदा खुला आहे. परंतु संस्थेने दिलेले प्रमाणपत्र हा विवाहाचा पुरावा असला, तरी वकिलातीला शासकीय निबंधकाने दिलेला नोंदणीचा दाखला हवा असतो. तो नाही म्हणून पत्नीला नवऱ्यापासून वर्ष वर्ष दूर राहावे लागते. लग्नाच्या खर्चाच्या यादीत विवाहनोंदणीची ओळ पहिली असावी.

भगिनींनो, तुम्हाला वेगळे सांगावयाचे आहे. नवऱ्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर जाणाऱ्या स्त्रीचे वास्तव्य नवऱ्याच्या परवान्याला बांधलेले असते. म्हणून निदान कागद तरी तिच्या हाती असावेत. स्वतःचा पासपोर्ट, शिक्षणाची प्रमाणपत्रे, विवाहाचा दाखला आणि स्वतःच्या नावाचे बँकखाते ही पत्नीची वस्तू आहे, सासरची नव्हे. छळ झाला तर सोसत राहू नका. ब्रिटनसारख्या देशात अशा स्त्रीला नवऱ्याविना काही काळ राहता यावे अशी तरतूद आहे. मुलीला परदेशी देणाऱ्या आई-बापांनी जावयाच्या पगाराची चौकशी करावी आणि त्याच्या व्हिसाचा प्रकार व मुदत हीही पाहावी.

तेथे पोहोचल्यावर

दाखल्यांना परदेशात मान्यता मिळण्यासाठी त्यांवर शिक्के लागतात. २००५ पासून भारत हेगच्या करारात आहे. त्यामुळे करारातील बहुतेक देशांसाठी राज्य शासनाच्या साक्षांकनानंतर परराष्ट्र मंत्रालयाचा ‘अपोस्टील’ हा एक शिक्का पुरतो. संयुक्त अरब अमिरातीसारखे देश त्या करारात नाहीत. तेथे त्यांच्या वकिलातीचा शिक्का निराळा लागतो. जर्मनीने भारताच्या बाबतीत हा शिक्का मान्य केलेला नाही. म्हणून कोणत्या देशाला काय लागते ते त्या देशाच्या वकिलातीच्या सूचनेतच पाहावे, शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नये.

व्हिसा म्हणजे दारातून आत येण्याची अनुमती. आत किती दिवस राहावयाचे हे पुष्कळदा निराळ्या कागदावर असते. अमेरिकेत विमानतळावर होणारी प्रवेशनोंद मुक्कामाची तारीख ठरवते, पासपोर्टवरील व्हिसाची तारीख नव्हे. सौदी अरेबियात ‘इकामा’ म्हणून वास्तव्याचा परवाना असतो. ब्रिटनमध्ये २०२४ च्या अखेरीस प्लास्टिकची वास्तव्यपत्रे संपली आणि ही नोंद संगणकावर गेली. कोणत्याही देशात असा, मुदत संपण्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवा आणि तीन महिने आधी हालचाल करा. जर्मनीत राहण्याच्या जागेची नोंद करताना धर्म विचारतात, कारण तेथील चर्चचा कर त्या नोंदीवरून कापला जातो. तेथे ‘बौद्ध’ लिहिण्यास कचरू नका. खरे आहे तेच लिहा. तो कर बौद्धांना लागत नाही.

प्रती ठेवा. १९१७ साली बाबासाहेब एका बोटीने परतले, आणि त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीने येत असता महायुद्धात ती बोट बुडवली गेली. जपलेला ग्रंथसंग्रह समुद्रात गेला. आपल्याजवळ असा संग्रह नसेल, पण असतील ते दाखले एकाच पिशवीत घालून फिरू नये. एक संच सोबत, एक आई-वडिलांकडे, एक संगणकावर.

परदेशात मूल जन्मले तर एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद करा. २००४ च्या डिसेंबरनंतर ही नोंद केल्याविना, आई-बाप भारतीय असूनही, मूल जन्माने भारतीय नागरिक होत नाही; वर्ष लोटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. आणि एखाद्याने परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर मिळणारे ओसीआय कार्ड हे नागरिकत्व नव्हे. त्यात मतदानाचा अधिकार नाही. हा निर्णय घेण्यास प्रत्येक जण मोकळा आहे. परंतु काय सोडतो आहोत हे समजून घ्यावे. जो भारतीय नागरिक राहून बाहेर आहे, त्याला २०१० च्या दुरुस्तीने पासपोर्टवरील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदविता येते. मत देण्यासाठी मात्र स्वतः यावे लागते. ज्या समाजाने मताचा अधिकार एवढ्या उशिरा मिळविला, त्याने तो पासपोर्टच्या घडीत विसरून जाऊ नये.

विहाराने काय करावे

एवढे सगळे एकेका कुटुंबाने एकट्याने करावे असे मी म्हणत नाही. वस्तीतील विहारात महिन्यातून एक रविवार कागद वाचण्यासाठी ठेवा. शिकलेली दोन मुले, एखादा निवृत्त कारकून आणि जमल्यास एखादा वकील एवढे पुरे. तेथे प्रत्येक घराने आपला गठ्ठा आणावा. नावे जुळतात का, तारखा जुळतात का हे पाहावे. जे जुळत नाही त्याची यादी करावी. जो परदेशी जाऊन आला त्याने आपल्या अर्जाची प्रत मागील मुलांसाठी ठेवावी. दलाल जे ज्ञान हजारो रुपयांना विकतो, ते आपण एकमेकांना फुकट देऊ शकतो. कोणी या कामातून पोट भरत असेल तर त्याने वाजवी मोबदला घ्यावा, पण खोटा कागद करू नये. सम्यक आजीविका याचा अर्थ हाच आहे.

घरी गेल्यावर आजच्या आज एक काम करा. ट्रंकेतील, कपाटातील, देव्हारा जेथे होता त्या कोनाड्यातील सर्व कागद एकत्र काढा. घरातील प्रत्येक माणसाचे नाव, जन्मतारीख आणि आई-वडिलांची नावे एका वहीत कागदागणिक लिहा. जेथे फरक पडेल तेथे खूण करा. पुढच्या रविवारी ती वही घेऊन विहारात या. पहिली दुरुस्ती कोणती करावयाची ते आपण बसून ठरवू.

जय भीम.